ऐकणाऱ्यांची सही

माझी त्या वाचनालयात बदली झाली तेव्हा कचेरीतल्या लोकांनी मला निरोपाचा चहा पाजला आणि तोंडं अशी केली, की जणू मला काळ्या पाण्यावरच धाडताहेत. सोलापूरच्या पूर्व भागातलं ते महापालिकेचं वाचनालय म्हणजे एक मोठी खोली, चार लांब टेबलं, वर्तमानपत्रं अडकवायचा लाकडी स्टँड आणि पुढे पंधरा-वीस माणसं ऐसपैस मावतील एवढा व्हरांडा. "निवृत्तीकडे झुकलेल्या माणसाला झकास जागा आहे," असं एक जण म्हणाला. मला राग आला. मला राग लवकर येतो आणि बराच वेळ मुक्कामाला राहतो.

खरं म्हणजे त्याचं काही चुकलं नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. केमजवळच्या आमच्या गावी भाऊबंद होते, पण तिकडे गेलं की दुसऱ्या दिवशी बोलण्यासारखं काही उरायचं नाही. संध्याकाळी खोलीवर आलं की कुलूप उघडल्याचा आवाज व्हायचा, मग पातेल्याचा, मग काहीच नाही. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला ती झाली नाही.

संस्कृतीशी तोवर माझा संबंध एवढाच आला होता, की महापालिकेचा काही कार्यक्रम असला की खुर्च्या मांडून घ्यायच्या आणि संपला की गोळा करायच्या. संस्कृती म्हणजे मांडव, माइक, शाल आणि नारळ, असं माझं पक्कं मत होतं. वाचनालयात यातलं काही नव्हतं. तिथे चार भाषांची वर्तमानपत्रं यायची, मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू, आणि प्रत्येक भाषेसाठी सहीच्या वहीत वेगळा रकाना होता. ती वही मात्र मला आवडली. आधीच्या माणसानं ती गिचमिड करून ठेवली होती. मी पट्टी घेऊन लाल शाईनं रेघा मारल्या आणि नियम केला: जो वाचेल त्यानं सही करायची. अक्कलकोटकडचे एक निवृत्त मास्तर कन्नड पेपर वाचून सही करत. शिंपीकाम करणारे दोघे-तिघे उर्दू पेपर वाटून घेऊन वाचत, आणि सही अशी नक्षीदार करत, की रकान्याबाहेर जाई. मी त्यांना ते बोलूनही दाखवलं होतं.

तेलुगू पेपर हैदराबादकडून गाडीनं यायचा, म्हणून तो उगवायचा दुपारी. आणि दुपारीच त्या बायका यायच्या.

पहिल्या दिवशी मी घाबरलोच. पंधराएक बायका, प्रत्येकीच्या काखेत सूप. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं. त्या आल्या, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या, मांडीवर सुपं घेतली आणि विड्या वळायला लागल्या. त्यांच्या डोक्यावरच पाटी होती, आवारात तंबाखूला सक्त मनाई असल्याची. मी पाटीकडे बोट दाखवलं. एकीनं वर बघितलं आणि म्हणाली, "मराठी वाचाय येत न्हाई की सर आमाला." सगळ्या हसल्या. तेवढ्यात एक म्हातारी बाई आत आली, स्टँडवरून तेलुगू पेपर काढला, वहीत सही केली आणि बाहेर जाऊन मधोमध बसली. मग तिनं वाचायला सुरुवात केली.

आवाज केवढा! समोरच्या किराणा दुकानातला माणूससुद्धा मान वळवून बघायचा. पुढे कधीतरी तिनं मला कारण सांगितलं. लहानपणी वडील हातमागावर बसायचे आणि तिला शेजारी बसवून पेपर वाचायला लावायचे. "मागाचा खटखट आवाज असतंय. मोट्यानं न्हाई वाचलं तर बापाला ऐकू कुटं येणार?" शिकलेली ती महापालिकेच्याच तेलुगू शाळेत, सातवीपर्यंत. बाकीच्या बऱ्याचजणी विड्यांना बसल्यामुळे तितक्याही शिकल्या नव्हत्या, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांचे हात रिकामे नव्हते. वाचता वाचता विडी वळता येत नाही, ऐकता ऐकता येते. सगळी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी होती. वाचणाऱ्या बाईचा तासभर बुडायचा, म्हणून उठताना प्रत्येक बाई आपल्या वळलेल्या विड्यांतल्या मूठभर तिच्या सुपात टाकायची. कुणी सांगायचं नाही, कुणी बघायचं नाही. तिला सगळ्या अक्का म्हणत. सहा महिन्यांनी मीही म्हणायला लागलो.

मला तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. तरी दुपार झाली की माझं लक्ष दाराकडे लागायचं. आधी मी टेबलाशी बसून ऐकायचो. मग खुर्ची खिडकीशी नेली. मग "आत उकडतंय" असं स्वतःलाच सांगून दाराशी. अक्कानं ते बरोबर ओळखलं. "सर, भाईर या की. आमी खात न्हाई तुमाला." मी गेलो नाही. सरकारी माणसानं विड्या वळणाऱ्या बायकांत कसं बसायचं? पण अधूनमधून ती वाचन थांबवून माझ्यासाठी दोन वाक्यं मराठीत टाकायची. "सर, तिकडं आमच्या गावाकडं पाऊस लई झाला म्हणं." तिचं गाव म्हणजे आजोबांनी कधीकाळी सोडलेलं तेलंगणातलं गाव. ती तिथे जन्मात गेली नव्हती. बाकीच्याही गेल्या नव्हत्या. तरी पाऊस झाला म्हटल्यावर सगळ्यांच्या माना समाधानानं हलायच्या. मी चिडवायचो, "अक्का, न बघितलेल्या गावाची एवढी काळजी?" ती म्हणायची, "तुमी बघितलंय न्हवं तुमचं गाव? मंग तितं पाऊस झाला का, सांगा बगू." मला माहीत नसायचं.

अशी साडेपाच वर्षं गेली. ती माझ्या उतारवयातली सगळ्यात बरी वर्षं होती, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर मी तो तक्ता तसा भरला नसता.

तक्ता प्रभाग कार्यालयातून आला. वाचनालयात स्पर्धा परीक्षांची मुलंमुली वाढली होती, त्यांना पुस्तकं आणि मासिकं हवी होती. मागणी रास्त होती. त्यासाठी कमी वाचले जाणारे पेपर बंद करायचं ठरलं होतं, आणि प्रत्येक भाषेपुढे रोजचे सरासरी वाचक लिहून द्यायचे होते, सहीच्या वहीप्रमाणे. मी वही काढली, बेरजा केल्या, भागाकार केले. मराठी, कन्नड, उर्दू. तेलुगूच्या रकान्यात रोज एकच सही होती, अक्काची. मी लिहिलं: एक.

माझा हात क्षणभरही अडखळला नाही, हे सांगायलाच हवं. उलट माझा तक्ता किती स्वच्छ झालाय हे मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. बाहेरच्या बायका वाचक नव्हत्या, त्या ऐकत होत्या. तसं मी त्यांना पूर्वी एकदा विचारलंही होतं, तुम्हीही सह्या करा म्हणून. तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "वाचणारीनं सही करायची. ऐकणारीची कसली सही?" मला ते तंतोतंत पटलं होतं. त्यांचं आणि माझं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं, तिथेच आम्ही सगळे बुडालो.

पुढच्या महिन्यात तेलुगू पेपर आला नाही. अक्का स्टँडसमोर उभी राहिली. रिकाम्या दांडीवरून तिनं बोट फिरवलं.

"गाडी लेट हाय का सर?"

"नाही अक्का. पेपर बंद झाला. वरून आदेश आलाय."

वरून. सोप्या शब्दांत मोठी लबाडी करायची तर हा शब्द फार चांगला. तिनं कपाटातला जुना गठ्ठा मागून घेतला आणि त्यातला एक पेपर बाहेर नेऊन वाचला. बायकांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी आणखी एक जुना. पण सहा महिन्यांपूर्वीच्या पावसाला कुणी मान हलवत नाही. हळूहळू दोघी कमी झाल्या, मग चौघी. कुणीतरी सुपात मोबाइल ठेवून त्यावर सिनेमाची गाणी लावायला लागली. मी दाराशी खुर्ची टाकून बसायचो आणि मला अन्न गोड लागायचं नाही. ही अतिशयोक्ती नाही. पंधरा दिवस मी भात टाकून दिला.

शेवटी प्रभाग कार्यालयात गेलो. तिथल्या मॅडम तरुण, हुशार आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, पंधरा बायकांचं सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुमच्याच सहीचा तक्ता आहे. एक वाचक. आता पंधरा कुठून आल्या?"

"ऐकतात त्या."

"मग तसं लिहून द्या ना. त्यांच्या सह्या घ्या, कसं चालतं ते सगळं नीट लिहा. आपल्या भाषेतला पेपर मागायचा त्यांना हक्कच आहे. मी समितीपुढे ठेवते."

मी हवेत तरंगत परत आलो. दुपारी व्हरांड्यात उभं राहून सांगितलं, सगळ्यांनी सह्या द्या, पेपर परत येईल. अक्कानं विचारलं, "आदी किती लिवलं होतं त्येनी?"

तिथे मला पुन्हा वरून म्हणता आलं असतं. पण तिचे डोळे माझ्यावर होते. "त्यांनी नाही अक्का. मी लिहिलं होतं. एक."

"एक?" ती म्हणाली. "मी एकटीच व्हय? इतकी वर्सं मी एकटीच बोंबलत होते हितं?" आणि ती हसायला लागली. तिनं ते तेलुगूत बाकीच्यांना सांगितलं, तशा सगळ्याच हसायला लागल्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिनं ते तंबाखूच्या हातानं पुसलं आणि डोळा झोंबून आणखी हसली. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सह्या झाल्या. सात जणींच्या सह्या, आठ जणींचे अंगठे. अर्ज मी स्वतः लिहिला, दोन रात्री बसून. नोकरीत एवढं मन लावून मी काही लिहिलं नव्हतं. बायका कुठून येतात, कशा बसतात, हातांनी विड्या वळत असताना कानांनी कशा वाचतात, वाचणारीचा बुडालेला तास बाकीच्या कसा भरून देतात, सगळं लिहिलं. शेवटी असंही लिहिलं, की महापालिकेनं आजवर पुष्कळ महोत्सव केले असतील, पण एका व्हरांड्यात तिनं काही न करता जे होऊ दिलं तेवढं मोठं कशानं झालं नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते खोलीवर मोठ्यानं वाचून बघितलं. ऐकायला कुणी नव्हतं.

महिन्याभरात मंजुरी आली. तेलुगू पेपर पूर्ववत सुरू. खाली आणखी एक ओळ होती: वाचनालयाच्या आवारात तंबाखूचं काम होत असल्याचं अर्जावरून दिसतं, ते तात्काळ थांबवावं.

मी पळत मॅडमकडे गेलो. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. "काका, तंबाखूचं नुसतं तोंडी सांगितलं असतंत तर मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. तुम्ही चार पानं लिहून दिलीत. आत मुलं शिकतात, बाहेर तंबाखू. आता मी डोळेझाक कशी करू?" पहिला दिवस सोडला तर साडेपाच वर्षं ज्या पाटीकडे मी बघितलं नाही, ती पाटी मीच कागदावर वाचून दाखवली होती.

बायकांना उठा म्हणायचं काम अर्थात माझंच होतं. ज्या दिवशी गाडीनं पेपर आला त्याच दिवशी मी ते केलं. मी म्हटलं, विड्या घरी ठेवून या, तासभर नुसतं ऐका. एक जण म्हणाली, "हात रिकामे ठिवून ऐकाय आमाला कोण सोडतंय सर?" मग मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडायला निघालो. अक्काला म्हटलं, पेपर घरी घेऊन जा, तिथे वाचा, दुसऱ्या दिवशी आणून द्या, मी बघतो काय व्हायचं ते.

"कुणाच्या घरी, सर? माझी खोली केवडी? आन् हिच्या दारात बसलं की हिच्या सासूचं ऐकावं लागतंय, तिच्या दारात बसलं की तिच्या सुनेचं. हितं कुणाची सासू न्हवती." तिनं व्हरांड्याकडे हात केला. "ही जागा कुणाचीच न्हाई, म्हणून सगळ्यांची होती."

त्या सुपं उचलून गेल्या. कुणी मागे वळून टोमणा मारला नाही. व्हरांडा झाडल्यावर सुपलीभर पानांचा चुरा निघाला, आणि त्यानंतर तिथे झाडायला काही पडलं नाही.

अक्का मात्र येत राहिली. आपण मागून घेतलेला पेपर वाचला नाही तर बरं दिसणार नाही, असं तिला वाटत असावं. ती आत टेबलाशी बसायची, सही करायची, पेपर उघडायची. दोन ओळी ओठ हलायचे, मग तिच्या नकळत आवाज फुटायचा आणि अभ्यास करणारी मुलं वर बघायची. एक मुलगी फार अदबीनं म्हणाली, "आजी, जरा मनात वाचता का?" अक्का ओशाळली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग उठून माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "मला मनात वाचाय येत न्हाई, सर. कदी केलंच न्हाई. शबूद दिसतेत, पन आत काय जात न्हाई."

मला त्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "बाहेर चला. मला वाचून दाखवा."

"तुमाला कुटं येतंय तेलुगू?"

"नाही येत."

"मंग?"

मी खुर्ची सरकवून उठलो. तिनं पेपर उचलला आणि ती बाहेर गेली. नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा. गुडघे कुरकुरले.

चार दिवस तिनं मला पेपर वाचून दाखवला. पहिल्या दिवशी हळू, मग नेहमीच्या आवाजात. एकेक बातमी संपली की ती मान वर करून समोरच्यांचे चेहरे बघायची, ही तिची जुनी रीत. आता समोर मीच होतो. मी मान डोलवायचो. एक अक्षर कळत नव्हतं, पण मी सुखी होतो, हे मला कबूल केलं पाहिजे. पंधराजणींचं ऐकणं मी घालवलं होतं आणि त्यातलं उरलेलं सगळं एकट्यानं घेत होतो, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. कुणीतरी माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघून, तासभर बोलत होतं. बायको गेल्यापासून असं झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी धीट झालो. बायका कुठे हसायच्या ते मला आठवत होतं. अक्काचा आवाज चढायचा, मध्येच थांबायचा, आणि मग हसू फुटायचं. तसाच तिचा आवाज चढला, थांबला, तिनं मान वर केली, आणि मी हसलो. चांगला खळखळून हसलो.

तिनं पेपर खाली ठेवला.

"सर, बस उलटलीय ह्यात. ल्हान पोरं गेलीत."

माझं हसू तोंडावरच राहिलं. मी म्हटलं, "अक्का, चुकलं माझं." ती रागावली नव्हती. लेकराला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "तुमची काय चूक? पन तुमी ऐकत न्हाई, सर. तुमी नुस्तं बसताय." मग तिनं पेपरची नीट घडी घातली, आत जाऊन तो स्टँडला अडकवला आणि चप्पल घालून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नंतर कधीच नाही. मी निवृत्त होईपर्यंत पेपर गाडीनं येत राहिला आणि घडी न मोडता गठ्ठ्यात जात राहिला. अक्काचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. मला जाता आलं असतं. कितीदा तरी मी चपला पायात घातल्या. पण जाऊन सांगणार काय होतो? की मला बातम्या नको होत्या, मला फक्त कुणीतरी जवळ बसून बोलायला हवं होतं? ते तिला आधीच कळलं होतं.